शाब्दिक उदाहरणातून समीकरण कसे मांडावे

३क्ष + ५ = २० हे समीकरण शाळेतली बहुतेक मुले सोडवतात. ‘एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले तर २० येतात’ असे शब्दांत दिले तरी फारसे अडत नाही. उदाहरणात नोटा, वये, गाड्या, दूध आले की मात्र पेन थांबते. समीकरण सोडवण्याचे नियम थोडे आणि ठरीव आहेत. वाक्यावरून ते मांडायचे कसे, याचा असा पाठ करण्याजोगा नियम नाही. तरी त्या कामालाही एक क्रम आहे आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या उदाहरणात कोणती राशी दोन तऱ्हांनी सांगितली आहे?

बरोबर चिन्हाच्या डावीकडे आणि उजवीकडे एकाच राशीची दोन वर्णने असतात. ती राशी कधी रुपयांत असते, कधी वर्षांत, कधी किलोमीटरमध्ये. ती सापडली की दोन बाजू लिहिण्याचेच काम उरते. म्हणून क्ष कशाला मानायचा हे ठरवण्याआधी काय कशाच्या बरोबर आहे ते ओळखावे. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. ‘समजा, क्ष…’ ही ओळ सवयीने आधी लिहून होते आणि मग पुढचे शोधले जाते. सोप्या उदाहरणात त्याने भागते. दोन-तीन राशी गुंतल्या की क्ष मानून झालेला असतो आणि त्याचे करायचे काय ते कळत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात घोड्यांचे एक उदाहरण आहे. एका माणसाजवळ रोख ३०० आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० देणे आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे, तर एका घोड्याची किंमत किती? इथे सारखी असलेली राशी म्हणजे संपत्ती. ती एकदा पहिल्या माणसाकडून सांगितली आहे, एकदा दुसऱ्याकडून. कोणतेही अक्षर न वापरता ती अशी लिहिता येते:

६ घोड्यांची किंमत + ३०० = १० घोड्यांची किंमत − १००

याला शब्दसमीकरण म्हणता येईल. ही मधली पायरी वहीत जरूर लिहावी. पुढच्या चुकांपैकी बऱ्याचशा इथेच दिसतात. कर्ज वजा धरायचे की मिळवायचे, हा गोंधळ शब्दांत लिहिताना होत नाही. आता एका घोड्याची किंमत क्ष मानली की ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० हे समीकरण आपोआप येते. त्यावरून ४क्ष = ४०० आणि क्ष = १००. ताळा पाहिला तर दोघांचीही संपत्ती ९०० निघते.

भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि लिहिताना नुसते ‘या’ लिहीत. आणखी अज्ञाते असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येत. दोन्ही बाजू एकीखाली एक मांडल्या जात आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब असे. अक्षर कोणते वापरावे हा सोयीचा प्रश्न आहे. जुन्या मराठी पुस्तकांत क्ष आणि य असत, हल्लीच्या शालेय पुस्तकांत रोमन अक्षरे असतात. पुढील उदाहरणांत क्ष आणि य हीच अक्षरे वापरली आहेत.

क्ष ही संख्या असते, वस्तू नव्हे

‘समजा, क्ष = घोडे’ ही ओळ चुकीची आहे. घोड्यांची संख्या, एका घोड्याची किंमत आणि सगळ्या घोड्यांची मिळून किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि क्ष यांतली एकच असू शकते. ‘समजा, एका घोड्याची किंमत क्ष रुपये’ असे एककासह पूर्ण वाक्य लिहिले म्हणजे पुढे शंका राहत नाही.

ही चूक किती खोल असते हे अमेरिकेतल्या एका अभ्यासातून दिसले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिले. वाक्य साधे होते: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी चुकले. चुकणाऱ्यांत बहुतेकांनी मराठीत सांगायचे तर ‘६वि = प्रा’ असे लिहिले. त्यांच्या मनात ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ असे चित्र होते आणि ‘वि’ हे अक्षर त्यांनी ‘विद्यार्थी’ या शब्दाचे लघुरूप म्हणून वाचले. वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या असे धरले तर ती मोठी आहे आणि लहान संख्येला ६ ने गुणल्याशिवाय दोन बाजू सारख्या होणार नाहीत. म्हणून वि = ६प्रा.

अशा ठिकाणी खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. मनाने एक जोडी घ्यावी, इथे १० प्राध्यापक आणि ६० विद्यार्थी, आणि लिहिलेल्या समीकरणात घालून पाहावी. ६ × ६० = १० होत नाही, हे लगेच दिसते. ‘पट’ असलेल्या प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावावी.

वाक्यातले प्रत्यय

मराठीत आकडेमोडीचा अर्थ बराचसा प्रत्ययांत असतो, त्यामुळे घाईने वाचणारा फसतो. ‘एका संख्येतून ५ वजा केले’ म्हणजे क्ष − ५, आणि ‘५ मधून एक संख्या वजा केली’ म्हणजे ५ − क्ष. ‘एका संख्येला ५ ने भागले’ म्हणजे क्ष/५, आणि ‘५ ला एका संख्येने भागले’ म्हणजे ५/क्ष. बेरीज-गुणाकारात क्रम उलटला तरी बिघडत नाही; वजाबाकी-भागाकारात ‘तून’, ‘ला’, ‘ने’ कशाला लागले आहेत हे बोट ठेवून पाहावे लागते.

तुलनेच्या वाक्यात ‘पेक्षा’ ज्याला लागले असेल ती राशी पाया असते. ‘ज्वारीचा भाव गव्हापेक्षा किलोला १४ रुपयांनी जास्त आहे’ या वाक्यात पाया गव्हाचा भाव आहे. तो क्ष मानला की ज्वारीचा भाव क्ष + १४ होतो. वाक्यात ज्वारी आधी आली म्हणून तिला क्ष मानले तरी गणित सुटते, पण मग गव्हाचा भाव क्ष − १४ होतो आणि चिन्ह चुकण्याची जागा तयार होते. ‘वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट’ यातही ‘च्या’ लागलेली राशी, म्हणजे मुलाचे वय, क्ष मानावी. ‘पेक्षा’ किंवा ‘च्या पट’ ज्याच्याशी जोडलेले आहे त्याला क्ष मानण्याची सवय असली म्हणजे अपूर्णांक आणि वजाबाक्या निम्म्याने कमी होतात.

लांब वाक्यात एक सोय आहे. मराठी वाक्य क्रिया बहुधा ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने सांगते. ‘एका संख्येत ४ मिळवून आलेल्या बेरजेच्या तिपटीतून ५ वजा केले’ हे वाक्य डावीकडून वाचत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतचे सगळे कंसात घालावे: आधी क्ष + ४, मग ३(क्ष + ४), मग ३(क्ष + ४) − ५. कंस विसरला तर ३क्ष + ४ − ५ असे होते आणि ते वेगळ्याच वाक्याचे समीकरण आहे: ‘एका संख्येच्या तिपटीत ४ मिळवून ५ वजा केले’. दोन्ही वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत.

पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द लगेच अपूर्णांकांत लिहून घ्यावेत: १/४, ३/४, ५/४, ३/२, ७/४, ५/२. ‘पावणे’ म्हणजे पुढच्या पूर्णांकात पाव कमी, हे शहरी मुलांना आता सांगावे लागते. ‘दुपटीने जास्त’ हा प्रयोग मात्र खरोखरच संदिग्ध आहे. कोणी त्याचा अर्थ २क्ष घेतो, कोणी क्ष + २क्ष. उदाहरण करणाऱ्याने तो टाळावा आणि सोडवणाऱ्याने बाकीच्या माहितीवरून कोणता अर्थ जुळतो ते पाहावे.

भाग मिळून पूर्ण

व्यवहारातली निम्मी उदाहरणे एकाच घडणीची असतात: काही भाग दिलेले, त्यांची बेरीज एकूण. ‘एकूण’, ‘मिळून’, ‘सगळे’, ‘उरले’ हे शब्द तिची खूण. वरच्या धान्याच्या वाक्याला पुढे जोडून असे म्हणता येईल: ५ किलो ज्वारी आणि ८ किलो गहू यांचे मिळून ५६४ रुपये झाले. दोनदा सांगितलेली राशी म्हणजे बिल. एकदा ते ५६४ असे थेट सांगितले आहे आणि एकदा ज्वारीचे पैसे व गव्हाचे पैसे यांची बेरीज म्हणून. त्यामुळे ५(क्ष + १४) + ८क्ष = ५६४. सोडवल्यावर १३क्ष = ४९४, क्ष = ३८; गहू ३८ रुपये आणि ज्वारी ५२ रुपये किलो.

नोटांचे उदाहरण याच घडणीचे, पण त्यात दोन एकूण असतात आणि तिथेच घोटाळा होतो. एसटीच्या कंडक्टरकडे ५० आणि २० रुपयांच्या मिळून २४ नोटा आहेत आणि त्यांची रक्कम ७८० रुपये आहे. २४ हा नोटांचा आकडा आहे, ७८० रुपयांचा. यांतला एक अज्ञाते बांधायला वापरायचा आणि दुसरा समीकरण लिहायला. ५० च्या नोटा क्ष मानल्या तर २० च्या नोटा २४ − क्ष. इथे २४ चे काम संपले. आता रक्कम: ५०क्ष + २०(२४ − क्ष) = ७८०. यावरून ३०क्ष = ३००, म्हणजे ५० च्या १० आणि २० च्या १४ नोटा. क्ष + (२४ − क्ष) = २४ असे लिहून थांबणारे विद्यार्थी दर वर्गात सापडतात. ते समीकरण खोटे नाही, पण त्यातून काही निघत नाही, कारण एकच माहिती दोन्ही बाजूंना वापरली आहे. क्ष बांधायला जे वाक्य वापरले तेच समीकरणाला पुन्हा वापरता येत नाही.

कधी एकूण संख्याच अज्ञात असते आणि भाग तिच्याच अपूर्णांकांत दिलेले असतात. भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’तले भुंग्यांचे उदाहरण असे आहे. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलीन्ध्राच्या फुलांवर, या दोन संख्यांच्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्या गंधाने हवेतच घिरट्या घालत राहिला. थवा क्ष मानला तर

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

उजव्या बाजूचा क्ष विसरून तिथे १ लिहिणे, म्हणजे ‘पूर्ण म्हणजे एक’ असे धरणे, ही नेहमीची चूक. सगळ्या पदांना १५ ने गुणले की ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष, म्हणून क्ष = १५. भुंगे ३, ५, ६ आणि १ असे वाटले गेले. आजच्या उदाहरणांत भुंग्यांच्या जागी पगार असतो: तिसरा हिस्सा घरभाड्यात, पाचवा किराण्यात, उरले इतके. समीकरणाची बांधणी तीच राहते.

वयाची उदाहरणे

वयाच्या उदाहरणांत काळ बदलतो आणि तो सगळ्यांसाठी सारखाच बदलतो. आई मुलीपेक्षा २६ वर्षांनी मोठी आहे. ५ वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होते. इथे चार वये आहेत: मुलीचे आजचे, आईचे आजचे, मुलीचे तेव्हाचे, आईचे तेव्हाचे. ती चारही आधी लिहून काढावीत. मुलगी आज क्ष, आई आज क्ष + २६; मुलगी तेव्हा क्ष − ५, आई तेव्हा क्ष + २१. मग ‘तिप्पट होते’ हे वाक्य तेव्हाच्या वयांना लावावे: क्ष + २१ = ३(क्ष − ५). उत्तर क्ष = १८, आई ४४ वर्षांची; ५ वर्षांपूर्वी १३ आणि ३९.

चार वये न लिहिता थेट समीकरण मांडणारा बहुधा एकाच्याच वयातून ५ वजा करतो किंवा ३क्ष − ५ लिहून कंस गाळतो. दोन ओळी आणि दोन रकाने, ‘आज’ आणि ‘तेव्हा’, एवढा तक्ता काढायला अर्धे मिनिट लागते.

शेकडा कशाचा

टक्केवारीच्या उदाहरणात एकच प्रश्न विचारावा: टक्के कशाचे? २० टक्के सूट मिळून साडी १४४० रुपयांना पडली, तर मूळ किंमत किती? घाईने १४४० चे २० टक्के, म्हणजे २८८, काढून त्यात मिळवले जातात आणि १७२८ हे उत्तर येते. सूट मात्र मूळ किमतीवर असते. मूळ किंमत क्ष, सूट २०क्ष/१००, दिलेले पैसे १४४०: क्ष − २०क्ष/१०० = १४४०. म्हणजे ८०क्ष/१०० = १४४० आणि क्ष = १८००. १७२८ वर २० टक्के सूट काढून पाहिली की १३८२ रुपये ४० पैसे उरतात आणि चूक पकडली जाते. कर आत धरलेल्या बिलाचेही असेच: ५ टक्के जीएसटी धरून हॉटेलचे बिल १२६० झाले असेल तर क्ष + ५क्ष/१०० = १२६०, म्हणून जेवण १२०० रुपयांचे आणि कर ६० रुपये.

ठरलेले आणि वाढते

पुष्कळ दरांत एक रक्कम ठरलेली असते आणि दुसरी वापरानुसार वाढते. वीजबिलातला स्थिर आकार आणि युनिटमागचा आकार, रिक्षाचे किमान भाडे आणि पुढचे किलोमीटर, छापखान्याचा मांडणीखर्च आणि प्रतीमागचा खर्च. यांत बारकावा असतो तो वाढता भाग कुठून मोजायचा याचा. समजा, रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये पडतात, आणि भाडे ७७ रुपये झाले. २६ + १७क्ष = ७७ यातून क्ष = ३ येते आणि ते चुकीचे उत्तर म्हणून तपासणाऱ्याच्या लाल शाईत जाते. समीकरण चुकीचे आहे की नाही हे क्ष काय मानला यावर आहे. क्ष म्हणजे दीड किलोमीटरनंतरचे अंतर असेल तर ते बरोबर आहे आणि उत्तरात दीड मिळवायचे राहिले आहे. क्ष म्हणजे सगळे अंतर असेल तर २६ + १७(क्ष − १.५) = ७७ असे हवे, आणि क्ष = ४.५. ‘समजा, क्ष…’ ही ओळ पूर्ण लिहिण्याचा आग्रह यासाठीच.

असे दोन दर समोर ठेवले की घोड्यांचे उदाहरण पुन्हा उभे राहते. एक छापखाना लग्नपत्रिकांसाठी १५०० रुपये मांडणीखर्च आणि पत्रिकेमागे १२ रुपये घेतो. दुसरा ६०० रुपये आणि पत्रिकेमागे १८ रुपये. किती पत्रिकांना दोघांचा खर्च सारखा येईल? १५०० + १२क्ष = ६०० + १८क्ष, म्हणून क्ष = १५०. त्याहून जास्त पत्रिका छापायच्या तर पहिला स्वस्त, कमी असतील तर दुसरा. ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘परवडेल’ असे शब्द आले की प्रश्न बरोबरीचा राहत नाही, असमानतेचा होतो. तरीही आधी बरोबरीची जागा काढून मग दोन्हीकडे पाहणे सोपे पडते.

वेग, वेळ, अंतर

अंतर = वेग × वेळ हे सगळ्यांना पाठ असते. समीकरण कशाचे करायचे तेच ठरत नाही. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांत दोघींच्या अंतरांची बेरीज ठरलेली असते. पुणे-कोल्हापूर अंतर २३० किलोमीटर धरले आणि एकाच वेळी पुण्याहून ताशी ६० आणि कोल्हापुराहून ताशी ५५ किलोमीटर वेगाने मोटारी निघाल्या, तर ६०क्ष + ५५क्ष = २३० आणि त्या २ तासांनी भेटतात. पाठलागात मात्र दोघांची अंतरे सारखी असतात आणि वेळा वेगळ्या. एसटी ७ वाजता ताशी ४५ किलोमीटर वेगाने निघाली. मागून ७ वाजून ४० मिनिटांनी मोटार ताशी ६० च्या वेगाने निघाली. एसटी निघाल्यापासूनचे तास क्ष मानले तर मोटारीचे तास क्ष − २/३.

४५क्ष = ६०(क्ष − २/३)

१५क्ष = ४०, म्हणून क्ष = ८/३ तास. म्हणजे ९ वाजून ४० मिनिटांनी, १२० किलोमीटरवर, मोटार एसटीला गाठते. ४० मिनिटांच्या जागी सरळ ४० लिहिले तर क्ष = १६० येतो आणि मोटार सहा-सात दिवसांनी एसटीला गाठते. वेग ताशी दिला असेल तर वेळही तासांतच लिहावी. समीकरणाच्या प्रत्येक पदाशेजारी पेन्सिलने एकक लिहिले आणि सगळीकडे एकच एकक आले, तर मांडणी बहुधा बरोबर असते.

मिश्रण

दूध संकलन केंद्रावर ‘साडेतीन फॅटचे’, ‘सात फॅटचे’ अशी भाषा असते. भारतातल्या अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार ‘स्टँडर्डाइज्ड’ दुधात किमान ४.५ टक्के फॅट लागते. गाईचे ३.५ फॅटचे आणि म्हशीचे ७ फॅटचे दूध मिसळून ४.५ फॅटचे १४० लिटर दूध करायचे असेल, तर म्हशीचे किती घ्यावे? लिटरची बेरीज क्ष आणि १४० − क्ष अशी बांधून झाली. समीकरण होईल ते फॅटचे, कारण मिसळण्याआधीचे एकूण फॅट आणि नंतरचे एकूण फॅट सारखेच राहते.

७क्ष + ३.५(१४० − क्ष) = ४.५ × १४०

३.५क्ष = १४०, म्हणून म्हशीचे ४० लिटर आणि गाईचे १०० लिटर. ७ + ३.५ = ४.५ असे टक्के थेट मिळवू पाहणाऱ्याला इथे काहीच जमत नाही. टक्के मिळवता येत नाहीत, त्यांनी दर्शवलेली वस्तू मिळवता येते. प्रत्येक पदाला १०० ने भागायचे इथे गाळले आहे, कारण ते दोन्ही बाजूंना सारखेच आहे. लिटर आणि किलो यांतला फरकही सोडून दिला आहे. तिन्ही दुधांची घनता जवळपास सारखी असल्याने शाळेच्या पातळीवर ते चालते.

ताळा आणि विचित्र उत्तरे

उत्तराचा ताळा समीकरणात घालून पाहू नये, मूळ वाक्यात घालावा. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर त्याचे उत्तर त्यात घातल्यावर बरोबरच येणार. साडीचे १७२८ हे उत्तर असेच मूळ वाक्याशी ताडल्यावर खोटे पडले.

नोटांच्या उदाहरणात अपूर्णांक आला तर एकतर मांडणी चुकली आहे किंवा माहिती जुळत नाही. ऋण उत्तराला मात्र लगेच खोटे ठरवू नये. वडील ५० वर्षांचे आणि मुलगा २० वर्षांचा आहे; किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या चौपट होईल? ५० + क्ष = ४(२० + क्ष), म्हणून क्ष = −१०. पुढे असे कधीच होणार नाही. १० वर्षांपूर्वी ४० आणि १० असताना ते झाले होते, असा याचा अर्थ.

उदाहरणात सगळेच आकडे वापरायचे असतात असेही नाही. बसची आसने, दुकान उघडण्याची वेळ, साडीचा रंग यांचा संबंध नसला तर ते सोडून द्यावेत. पाठ्यपुस्तकात प्रत्येक आकडा कामाचा असतो, म्हणून मुलांना सगळे वापरण्याची सवय लागते. खऱ्या बिलात तसे नसते.

एका अक्षराने न भागणारे

दोन अज्ञातांमधला संबंध सरळ सांगितलेला नसेल तर एकाला दुसऱ्याच्या रूपात लिहिता येत नाही. ३ वडापाव आणि २ चहा यांचे ९० रुपये झाले. २ वडापाव आणि ४ चहा यांचे १००. इथे वडापावाला क्ष आणि चहाला य मानणे सरळ आहे: ३क्ष + २य = ९० आणि २क्ष + ४य = १००. पहिल्याची दुप्पट करून त्यातून दुसरे वजा केले की ४क्ष = ८०; वडापाव २० रुपये, चहा १५ रुपये. दोन अज्ञातांना दोन समीकरणे लागतात आणि ती दोन वेगवेगळ्या माहितीवरून आलेली असावी लागतात. ‘६ वडापाव आणि ४ चहा यांचे १८०’ ही दुसरी माहिती नाही, ती पहिलीचीच दुप्पट आहे.

समीकरण एकच असेल तर उत्तरे अनेक येतात. किमती माहीत आहेत आणि ९० रुपयांत किती वडापाव, किती चहा घेतले एवढेच विचारले तर २०क्ष + १५य = ९०. क्ष आणि य पूर्ण संख्या असल्या पाहिजेत या अटीने त्यांतली दोनच टिकतात: ३ वडापाव आणि २ चहा, किंवा वडापाव नाही आणि ६ चहा. अशी पूर्णांकातली उत्तरे काढण्याची ‘कुट्टक’ ही रीत आर्यभटाने ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त दिली आहे आणि भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ या दोन्हींत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे.